लाईनीबाहेरची घरं: सिडकोतल्या एका वार्ताफलकाचं प्रकरण

२५ मार्च २०२०, गुढीपाडवा. पेपरच्या धंद्यात पाडव्याचा अंक म्हणजे वर्षातला सगळ्यात जाड अंक. सराफ, बिल्डर, गाड्यांची शोरूम, सगळ्यांच्या जाहिराती. पुरवण्या भरता भरता पोरांची बोटं काळी होतात आणि सायकलच्या कॅरिअरवर एका खेपेत लाईन, म्हणजे एका पोराची पेपर टाकायची ठरलेली घरं, मावत नाही. त्या पाडव्याला आमच्या चौकात गठ्ठाच उतरला नाही. आदल्या रात्री आठला पंतप्रधानांनी २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर केला होता आणि राज्यात संचारबंदी त्याच्याही आधीपासून होती. मी सवयीने पहाटे चारला उठून चौकात जाऊन उभा राहिलो. कुत्र्यांशिवाय कोणी नव्हतं.

मी नाशिकच्या सिडकोत पेपरची एजन्सी चालवतो. मार्च ते जून २०२० या काळात आमच्या तीन लाईनींवर एक फळा आणि एक वही चालली. त्यातून काही घरांना वेळेवर धान्य मिळालं, काही अफवा जागच्या जागी थांबल्या आणि एका घराला आमच्यामुळे त्रासही झाला. तेव्हा काय केलं, हे नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. जे चुकलं त्यासकट इथे लिहितो, कारण चुकलेल्या भागातूनच मला जास्त कळलं.

जागा

कागदोपत्री या भागाला नवीन नाशिक म्हणतात, पण रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सगळे सिडकोच म्हणतात. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी सिडको या सरकारी महामंडळाने पहिली ते सहावी अशा योजनांमध्ये ही घरं बांधली. मुळात छोटी, एकमेकांना चिकटून असलेली घरं. नंतर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वर एक मजला चढवला, बाहेरून लोखंडी जिना लावला आणि वरची खोली भाड्याने दिली. खाली मालक, बहुतेक करून धुळे-जळगावकडून नाहीतर कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आलेला, आता नाशिककर झालेला. वर भाडेकरू, एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला. हा जिना पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

अडचण नेमकी काय होती

बातम्यांचा तुटवडा नव्हता. टीव्ही चोवीस तास चालू होता. इटलीत किती गेले, मुंबईत किती सापडले, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोराला पाठ होतं. उद्या दूध येणार का, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं. मेडिकल किती वाजेपर्यंत उघडं आहे, रेशनचा तांदूळ कधी येणार, त्रिमूर्ती चौकात पोलिस कोणत्या वेळेला सोडतात, याचं उत्तर टीव्हीवर नव्हतं. ती जागा फोनवरच्या मेसेजने भरून काढली होती. रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, वाळत घातलेले कपडे आत घ्या. चिकन खाल्ल्याने होतो. उद्यापासून भाजी आठ दिवस बंद. या शेवटच्या मेसेजने एका संध्याकाळी पवननगरच्या बाजारात जी झुंबड उडाली, ती मी स्वतः पाहिली. ज्या गर्दीपासून लोकांना वाचवायचं होतं, ती गर्दी एका खोट्या ओळीने अर्ध्या तासात जमली.

आणि पेपर? बहुतेक घरांनी फोन करून सांगितलं, ‘भाऊ, काही दिवस टाकू नका.’ कागदावरून आजार येतो ही भीती. काही सोसायट्यांनी पोरांना फाटकातच अडवलं. पुढे १८ एप्रिलच्या आदेशात राज्य सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच मनाई केली. नंतर ती सवलत देऊन काही भागांपुरती ठेवली, पण तोवर गिऱ्हाईकाची सवय मोडली होती.

माझ्याकडे पेपर टाकणारी पोरं होती, सगळी कॉलेजात शिकणारी. हातात काम नाही, पण प्रत्येकाला आपली लाईन तोंडपाठ. कोणत्या घरातले आजोबा दार उघडून उभेच असतात, कोणाचा मुलगा पुण्यात आहे, कोणाचं बिल दोन महिने थकलंय आणि का थकलंय. एवढी माहिती कोणत्याही सरकारी यादीत नसते. पहिल्या आठवड्यात मला एवढंच सुचलं की पेपर बंद आहे, पण लाईन बंद व्हायची गरज नाही.

फळा

गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा जुना वार्ताफलक होता. त्यावर एरवी जयंतीच्या शुभेच्छा नाहीतर निधनवार्ता आणि रामकुंडावरच्या दशक्रियेची वेळ असायची. मंडळाला विचारून तो घेतला. फोन सगळ्यांकडे होते, मग फळा कशाला, असं एका पोराने विचारलं. पण घरात फोन एक आणि तो मुलाच्या हातात, अशी घरं पुष्कळ होती. शिवाय फळ्याला पुढे पाठवता येत नाही. तो तिथेच उभा राहतो आणि खोटा निघाला तर कोणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत असतं. फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवरही टाकायचो, पण मूळ प्रत फळ्यावरची.

नियम असा ठेवला की प्रत्येक ओळीपुढे वेळ आणि बघणाऱ्याचं नाव हवं. ‘असं कळतं’, ‘सूत्रांकडून’ असलं काही नाही. एका सकाळचा फळा वहीत उतरवलेला आहे, नावं वगळून तसाच देतो:

‘शनिवार, ११ एप्रिल, सकाळी ७. दूध आलं, ६.१०ला स्वतः घेतलं. भाजीचा टेम्पो १०ला, फोनवर विचारलं. मेडिकल दुपारी २पर्यंत, पाटी पाहिली. रेशन दुकान आज बंद, शटरवर चिठ्ठी आहे. घंटागाडी येऊन गेली.’

शेवटची ओळ वाचून लोक म्हणायचे, हे कशाला, आम्हाला ऐकू येतं की. पण घंटागाडीवाला हाच आमचा सगळ्यात भरवशाचा बातमीदार होता. सगळं शहर घरात असताना रोज प्रत्येक गल्लीत जाणारा तो एकटा माणूस. रुग्ण सापडला म्हणून कुठे बांबू बांधून गल्ली बंद केली, कुठून रस्ता वळवला, कोणत्या दुकानासमोर रांग आहे, हे तो गाडी न थांबवता दोन वाक्यांत सांगायचा. मास्क म्हणून त्याच्या तोंडाला साधा रुमाल होता. ते पाहून गल्लीतल्या एका ताईंनी त्याला आणि त्याच्या साथीदाराला कापडी मास्क शिवून दिले.

सगळ्यात जास्त खडू रेशनवर संपला. घोषणा खूप झाल्या होत्या आणि लोकांच्या डोक्यात त्यांची खिचडी झाली होती. केंद्राचा दरमाणशी ५ किलो मोफत तांदूळ अंत्योदयच्या पिवळ्या कार्डाला आणि प्राधान्य कुटुंबांना होता. केशरी कार्ड घेऊन दुकानावर गेलेला माणूस मात्र भांडून परत यायचा, कारण केशरीत दोन प्रकार. ज्या केशरी कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे, त्याला मोफत. शिक्का नाही, त्याला राज्याने मे आणि जूनसाठी ८ रुपये किलोने माणशी ३ किलो गहू आणि १२ रुपये किलोने २ किलो तांदूळ दिला. आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘रांगेत उभं राहण्याआधी कार्डावर शिक्का आहे का बघा.’ त्या ओळीने दुकानावरची भांडणं कमी झाली. दुकानदार स्वतः येऊन सांगून गेला.

वही कुठे कमी पडली

फळ्यावरून माहिती जात होती. येत मात्र नव्हती. म्हणून दर संध्याकाळी पोरं आपापल्या लाईनीवर फोन करायची. दोनच प्रश्न: काही आणायचंय का? घरात कोणाला औषध चालू आहे का? ‘काही मदत हवी का’ असं विचारायचं नाही, हे दुसऱ्याच दिवशी ठरलं. त्या प्रश्नाला आमच्याकडे सगळे एकच उत्तर देतात, ‘नाही रे बाबा, देवाच्या कृपेने सगळं आहे.’ काही आणायचंय का, म्हटलं की मग बीपीच्या गोळ्या, बाळाची पावडर, गॅसचा नंबर, हळूहळू सगळं बाहेर यायचं.

पंधरा दिवस हे छान चाललं. मला वाटायला लागलं होतं की आपल्या तिन्ही लाईनींत कोणी उपाशी नाही. मग एका काकूंचा फोन आला. त्या बोलता बोलता सहज म्हणाल्या, ‘भाऊ, आमच्या वर तिघं राहतात. लाईट दिसतो, पण चार दिवसांत फोडणीचा वास नाही आला हो.’

मी जिना चढून गेलो. तिघंही बिहारचे, अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे. मार्चचा अर्धा पगार हातात, ठेकेदाराचा फोन बंद. खोलीत एका पिशवीत चुरमुरे आणि थोडी साखर. दिवसातून एकदा तेवढंच. मी विचारलं, सांगितलं का नाही? त्यातला मोठा म्हणाला, ‘किससे बोलते काका? और किराया भी तो बाकी है.’ भाडं थकलेलं, म्हणून काकूंच्या समोर यायला ते लाजत होते. काकू खाली वरणभात करत होत्या आणि त्यांना वाटत होतं, मुलं बाहेरून आणून खात असतील.

त्या रात्री मी वही उघडून बसलो. आमच्या वहीत ज्यांच्याकडे पेपर जातो तीच घरं होती. तिघांच्या खोलीत पेपर जात नव्हता, म्हणून आमच्या लेखी ती खोलीच नव्हती. ज्यांना रोज फोन केला त्यांतले बहुतेक जण पेन्शनवाले, नोकरीवाले, रेशनकार्डवाले. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांचं रेशनकार्ड गावाला, बँकेचं खातं गावाला, मतदानही गावाला. ही चूक नजरचुकीने झालेली नव्हती. बावीस वर्षं मी ही गल्ली गिऱ्हाइकांच्या हिशोबाने मोजत आलो होतो आणि मदतीच्या वेळीही तोच हिशोब घेऊन निघालो.

दुसऱ्या दिवसापासून पोरांनी घरं मोजायची सोडून जिने मोजले. प्रत्येक जिन्याखाली उभं राहून हाक मारायची, खालच्या मालकासमोर काही विचारायचं नाही, फोन नंबर घ्यायचा आणि नंतर बोलायचं. भाड्याचा विषय आपण काढायचा नाही. एकदा जिने मोजल्यावर यादीतली गरजेची घरं दुपटीहून जास्त झाली. एका खोलीत बायको बाळंत होऊन दहा दिवसांची होती आणि नवरा लग्नाच्या मांडवाचं काम करणारा, म्हणजे हंगामच गेलेला. लग्नसराई बंद पडल्याने किती प्रकारच्या लोकांचं काम जातं, याचा मी आधी कधी विचार केला नव्हता. मांडववाले, वाढपी, बॅन्डवाले, मेंदी काढणाऱ्या मुली, सगळे वरच्या खोल्यांत निघाले.

पैसे गोळा केले नाहीत. पैशाने संशय येतो आणि हिशोबात वेळ जातो. फळ्यावर लिहायचो, ‘आज हवं: तांदूळ ६ किलो, तूरडाळ २ किलो, गोडेतेल १ लिटर.’ कोणासाठी ते नाही. दुपारपर्यंत मंडळाच्या ओट्यावर पिशव्या जमायच्या. शिवभोजनाची थाळी तेव्हा सरकारने १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणली होती, पण केंद्रापर्यंत चालत जायचं तर वाटेत दोन ठिकाणी काठी. म्हणून कोरडा शिधाच बरा पडला. धान्य देताना फोटो काढायचा नाही, हे सांगावं लागलं नाही. पोरांनीच ठरवलं होतं.

महाराष्ट्र दिनी, १ मेच्या रात्री, नाशिकरोडहून भोपाळला राज्यातली पहिली श्रमिक रेल्वे सुटली आणि दुसऱ्या दिवशी लखनौची. त्याआधी महिनाभर मुंबई-आग्रा महामार्गावरून कसारा घाट चढून आलेली माणसं पाथर्डी फाटा, लेखानगर ओलांडून चालत जाताना आम्ही पाहिली होती. डोक्यावर बोचकं, हातात लेकरू, पायात चपलेच्या जागी कापड. वरच्या खोल्यांमधली मुलंही चालत निघायच्या बेतात होती. गाडीची बातमी आल्यावर नाव कुठे नोंदवायचं, आधारची झेरॉक्स किती, डॉक्टरांचा दाखला लागतो का, हे आम्ही पहिल्यांदा हिंदीत फळ्यावर लिहिलं. चुरमुऱ्यांवर राहिलेली ती तिघं मेच्या शेवटी गेली. जाताना काकूंनी डबा दिला. भाड्याचं दोघांमध्ये काय ठरलं ते मी विचारलं नाही.

जिथे आमच्यामुळे त्रास झाला

एप्रिलचा तिसरा आठवडा. मालेगावचे आकडे रोज वाढत होते आणि शहरात भीती बसली होती. रात्री अकराला गल्लीत १०८ची गाडी आली. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं उतरली आणि एका काकांना घेऊन गेली. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी चित्रण केलं. सकाळी सहाला दूधवाल्याने ते घर टाळलं. त्या घरात वर्षाच्या आतलं नातवंड होतं.

काका अनेक वर्षांपासून डायलिसिसवर. एरवी रिक्षाने जायचे. रिक्षा बंद, दिवस चुकला, रात्री धाप लागली, म्हणून १०८ला फोन. घरातल्या काकू फोनवर रडत होत्या. मी म्हटलं, फळ्यावर लिहू का? त्या म्हणाल्या, ‘लिहा, पण आजाराचं नाव नका लिहू.’ मी लिहिलं, ‘काल रात्रीची गाडी जुन्या आजाराच्या नेहमीच्या उपचारासाठी होती. कोरोना नाही. घरच्यांशी बोललो.’ संध्याकाळी दूध आलं. मला बरं वाटलं. अफवेला फळ्याने हरवलं, असं पोरांना सांगितलंसुद्धा.

मेच्या शेवटी दुसऱ्या एका घरासमोर गाडी थांबली. लोक सकाळी सरळ फळ्याकडे आले. फळ्यावर त्या घराविषयी काही नव्हतं, कारण लिहिण्यासारखं खरंच काही नव्हतं. तपासणीचा निकाल यायचा होता आणि तो सांगायचा अधिकार महापालिकेचा. पण गल्लीने मागच्या वेळचा धडा पक्का केला होता: नसेल तर फळ्यावर येतं. फळ्यावर नाही, म्हणजे आहे. निकाल येण्याआधीच त्या घराचं पाणी भरायला येणारा माणूस थांबला आणि शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्या घरातल्या वहिनींनी मला फोन केला. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, ‘त्यांच्या वेळी तुम्ही लिहिलंत. आमच्या वेळी का नाही लिहिलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल पुढे पॉझिटिव्ह आला, पण त्याने माझी चूक कमी होत नाही. एका घराला वाचवायला मी जी ओळ लिहिली, तिने पुढच्या प्रत्येक घरासाठी मौनाचा अर्थ ठरवून टाकला. आता मागे वळून पाहताना वाटतं, पहिल्या वेळी मी फळ्याकडे जायलाच नको होतं. प्रश्न सगळ्या गल्लीचा नव्हता, एका दूधवाल्याच्या भीतीचा होता. त्याला गाठून, दोन हात लांब उभं राहून, पिशवी फाटकाला अडकव आणि पैसे माझ्याकडून घे, एवढं सांगितलं असतं तर बाळाला दूध मिळालं असतं आणि काकांचं दुखणं फळ्यावर आलं नसतं. जाहीर बोलायची सोय हाताशी आली की आपण खासगीत सुटणारी गोष्टही जाहीरपणे सोडवायला जातो.

त्यानंतर कोणत्याही घराच्या आजारपणाबद्दल, हो किंवा नाही, एक अक्षर लिहायचं नाही, असा नियम केला. गाडी आली तरी नाही. त्या जागी गल्ली कशी चालू आहे ते लिहायचं: ‘दूध सगळ्या घरांना आलं. पाणी नेहमीप्रमाणे. बांबूच्या आतल्या घरांना भाजी साडेदहाला फाटकापाशी.’ सगळ्या घरांना, हे शब्द मुद्दाम. वहिनींच्या घरचे १४ दिवस संपेपर्यंत रोज सकाळी पिशवी मी स्वतः ठेवून यायचो. त्या दार उघडायच्या नाहीत, आतून ‘मिळालं’ म्हणायच्या.

बाकीचं थोडक्यात

द्राक्षाचा हंगाम ऐन भरात असताना बाजार थांबला. दिंडोरी, निफाडचे शेतकरी स्वतः पिकअप भरून वसाहतींत यायला लागले. फळ्यावर आदल्या दिवशी मागणी गोळा केली की त्यांची खेप वाया जात नव्हती. हे काम सोपं होतं आणि आनंदाचं. पोरांच्या पगाराची अडचण मात्र खरी होती. मार्चचं बिल फोनवर मागितलं तर बहुतेकांनी दिलं आणि काहींनी न टाकलेल्या एप्रिलचंही दिलं. शाळा जूनमध्ये उघडल्या नाहीत, तेव्हा नाशिकच्याच ‘रेडिओ विश्वास’ या ९०.८वरच्या सामुदायिक रेडिओने तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी धडे लावले. वरच्या खोल्यांतल्या ज्या मुलांकडे मोठा फोन नव्हता, त्यांच्यासाठी ते खूप मोलाचं ठरलं.

एप्रिल २०२१मध्ये दुसऱ्या लाटेत फळा परत लावला आणि तो चालला नाही. तेव्हा लोकांना बेड हवे होते, ऑक्सिजन हवा होता. सकाळी सातला रिकामा दिसलेला बेड सव्वासातला भरलेला असायचा. खडूने लिहिलेली ओळ वाचून कोणी रिक्षाने आईला घेऊन निघालं तर? चौथ्या दिवशी मी फळा पुसला आणि पोरांना सांगितलं, आता फक्त फोन, एका वेळी एक घर. डबे पोचवणं आणि रात्री कोणासोबत तरी जाऊन बाहेर बसणं, एवढंच आमच्या हातात होतं, ते केलं.

पेपर परत सुरू झाला, सगळी घरं परत आली नाहीत. वही आहे. तिच्यात आता प्रत्येक घरापुढे दोन रकाने असतात, ‘खाली’ आणि ‘वर’. भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात, म्हणून पाडव्याच्या आधी पोरं जिने नव्याने मोजतात. यंदा चार ठिकाणी वरच्या दाराला कुलूप होतं. तिथे रविवारी परत जायचंय.